डॉकिंगचा स्कोअर आणि जेलमधून सुटणारं औषध: शर्करांच्या बाबतीत मॉडेलिंग कुठून सुरू करावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कायटोसान आणि हायल्युरोनिक आम्ल या दोन लांब शर्करा-साखळ्यांचं हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारी जाळी) करायचं, त्यात डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं औषध भरायचं आणि गाठीच्या जागी ते आठवडाभर हळूहळू सुटत राहील असं पाहायचं. कायटोसानच्या चार एककांच्या तुकड्यावर डॉक्सोरुबिसिनचं डॉकिंग केलं, म्हणजे औषध तिथे कसं आणि किती घट्ट बसेल ते संगणकाने अजमावलं, स्कोअर उणे ८.५ किलोकॅलरी प्रति मोल आला. एवढ्यावरून हा वाहक योग्य ठरतो का? ठरत नसेल तर मॉडेलिंगची सुरुवात कुठून करायची?

ठरत नाही. का, ते तुमचाच आकडा खरा धरून पाहू.

जेलमध्ये बहुतांश पाणीच असतं आणि त्याच्या जाळीतली छिद्रं काही नॅनोमीटरपासून काही दशक नॅनोमीटरपर्यंतची असतात. डॉक्सोरुबिसिनचा रेणू जेमतेम दीड नॅनोमीटरचा. जाळी त्याला अडवू शकत नाही. एवढ्या रेणूचा पाण्यातला विसरण गुणांक (तो किती वेगाने पसरतो त्याचं माप) ढोबळमानाने सेकंदाला ५०० चौरस मायक्रोमीटर धरा. जेलचा थर १ मिलिमीटर, म्हणजे १,००० मायक्रोमीटर असेल, तर जाडीच्या वर्गाला या गुणांकाने भागलं की २,००० सेकंद येतात. साधारण अर्धा तास. औषधाला आत धरून ठेवणारं काहीच नसेल तर ते एवढ्या अवधीत निघून जाणार.

आता आत धरून ठेवणाऱ्या जागा आहेत आणि त्यांची संहती १० मिलिमोलर आहे असं समजू. या संहतीला विघटन स्थिरांकाने (तो जितका लहान तितकी पकड घट्ट) भागायचं, त्यात एक मिळवायचा, आणि जे येईल तितक्या पटींनी सुटण्याचा काळ लांबतो. विघटन स्थिरांक १ मिलिमोलर असेल तर अकरा पट, म्हणजे सहा तास. आठवडा हवा असेल तर सुमारे तीनशे पट, म्हणजे विघटन स्थिरांक ३० मायक्रोमोलरच्या आसपास हवा. आणि तुमचा उणे ८.५ चा स्कोअर खरी बंधऊर्जा मानून उलटा फिरवला, तर विघटन स्थिरांक ०.६ मायक्रोमोलर येतो. त्या हिशेबाने औषध सुटायला वर्षाहून अधिक काळ लागेल. म्हणजे स्कोअर खरा असेल तर तुमचा हेतूच साधत नाही, आणि खोटा असेल तर त्याला आधार मानता येत नाही. प्रथिनाच्या अवरोधकासाठी ‘जितका घट्ट तितका बरा’ हे बरंचसं चालतं. वाहकासाठी आपल्याला एक पट्टा गाठायचा असतो, फार सैलही नको आणि फार घट्टही नको. हा पट्टा आधी कागदावर काढा आणि मगच संगणक सुरू करा, एवढंच माझं मुख्य म्हणणं आहे. पुढचं सगळं त्याचाच विस्तार.

तुमचा स्कोअर प्रत्यक्षात खोटाच आहे, त्याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत. डॉकिंगच्या प्रोग्रॅममधली गुणांकनाची सूत्रं प्रथिनाच्या खळग्यात बसलेल्या छोट्या रेणूंवरून बेतलेली असतात. कायटोसानच्या चार एककांना खळगाच नाही. प्रोग्रॅम औषधाला त्या तुकड्यावर पसरवतो, किती अणू जवळ आले ते मोजतो आणि आकडा देतो. साखळीवरचं पाणी हटवायला किती ऊर्जा लागली, साखळीची हालचाल किती बांधली गेली, याचा पुरेसा हिशेब त्यात नसतो. शिवाय खऱ्या साखळीत शेकडो-हजारो एककं असतात आणि ती सतत वळवळत असते.

त्याहून मोठी चूक बहुधा विद्युतभाराची आहे. कायटोसानच्या अमाइन गटाचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे गट धनभारित असतात तो आकडा, साधारण ६.५. रक्ताच्या ७.४ पीएचला त्यातले जेमतेम ११ टक्के गट धनभारित असतात. गाठीभोवतीच्या आम्लधर्मी भागात पीएच ६.५ धरला तर निम्मे. बऱ्याच तयार फाइलींमध्ये एक तर सगळे अमाइन भारित असतात किंवा एकही नसतो, आणि दोन्ही चित्रं चुकीची. इकडे डॉक्सोरुबिसिनच्या अमाइनचा पीकेए आठच्या वर, म्हणजे ७.४ ला त्याचे बहुतेक रेणू धनभारित. मग धनभारित औषध धनभारित साखळीकडे का ओढलं जाईल? तुमच्या जेलमध्ये ते ओढलं जाईल हायल्युरोनिक आम्लाकडे, कारण त्याचा कार्बोक्सिल गट या पीएचला पूर्णपणे ऋणभारित असतो. तुम्ही ज्या घटकाचं डॉकिंग केलंत तो औषध धरून ठेवणारा घटक नाहीच. त्यातही शरीरातल्या १५० मिलिमोलर मिठामुळे विद्युत ओढीचा पल्ला ०.८ नॅनोमीटरच्या आसपास आटोपतो. म्हणून मीठ न घालता, नुसत्या पाण्यात केलेलं सिम्युलेशन (रेणूंच्या हालचालींची संगणकावरची नक्कल) किंवा प्रयोग नेहमी जास्त आशादायक दिसतो.

आता शर्करांच्या स्वभावाबद्दल. हा भाग घाईत वाचू नका, कारण पदार्थ घडवणं आणि रेणूचं मॉडेल करणं ही दोन कामं इथेच एकत्र येतात. सेल्युलोज आणि अमायलोज दोन्ही ग्लुकोजचेच. दोन्हींत जोड पहिल्या आणि चौथ्या कार्बनमधला. फरक एवढाच की सेल्युलोजमध्ये तो बीटा आहे आणि अमायलोजमध्ये अल्फा. एका बंधाची दिशा बदलली की एकीकडे सरळ, एकमेकींना चिकटून बसणाऱ्या, पाण्यात न विरघळणाऱ्या साखळ्या मिळतात, दुसरीकडे पोकळ वळणदार मळसूत्र. इतक्या छोट्या फरकाचा इतका मोठा परिणाम प्रथिनांमध्ये क्वचितच दिसतो. त्यात शर्करेला जोडण्याच्या जागाही अनेक. सहा हेक्सोजांच्या साखळीचे सगळे संभाव्य समघटक (घटक तेच, पण रचना वेगळी) मोजले तर त्यांची संख्या दहाच्या बाराव्या घाताच्या घरात जाते, हे १९९४ मध्येच मोजून दाखवलं गेलं आहे.

आणि शर्करेचं कडं स्वतःचा आकार बदलू शकतं. ग्लुकोजचं कडं बहुतेक काळ एकाच खुर्चीच्या आकारात राहतं, त्यामुळे आपण ते ताठ धरून चालतो. पण हेपॅरिनमधलं इड्युरोनिक आम्ल तसं नाही. ते एका खुर्चीच्या आणि एका पिळलेल्या नावेच्या आकारात फिरत राहतं. हेपॅरिन रक्त गोठण्याला अडवतं ते अँटिथ्रॉम्बिन या प्रथिनाला धरून, आणि ही पकड साखळीतल्या एका विशिष्ट पाच शर्करांच्या तुकड्याची असते. त्या पकडीत इड्युरोनिक आम्ल पिळलेल्या आकारात असतं. मधल्या ग्लुकोसमाइनच्या तिसऱ्या जागेवरचा सल्फेट काढला की पकड हजारो पटींनी सैल होते. हे कळल्यावर नेमका तोच पंचशर्करा तुकडा रसायनशाळेत बनवता आला, आणि २००१ मध्ये फोंडापॅरिनक्स हे औषध मान्य झालं. प्राण्यांच्या ऊतींतून काढलेल्या मिश्रणाच्या जागी एकच शुद्ध रेणू आला. या बदलाचं मोल २००८ मध्ये सगळ्यांच्या लक्षात आलं, तेव्हा हेपॅरिनच्या पुरवठ्यात अतिसल्फेटित कॉन्ड्रॉइटिन सल्फेटची भेसळ आढळली होती आणि माणसं दगावली होती.

आता डॉकिंगकडे परत या. बहुतेक प्रोग्रॅम कड्याला ताठ धरतात. तुम्ही दिलेल्या फाइलीत इड्युरोनिक आम्ल खुर्चीच्या आकारात असेल तर प्रोग्रॅम ते पिळून पाहणार नाही, आणि खरी पकड कधीच सापडणार नाही. म्हणून लवचिक कड्यांच्या शर्करा असतील तर प्रत्येक आकाराची वेगळी फाइल करून डॉकिंग करा. दोन शर्करांमधल्या जोडबंधांच्या कोनांसाठी ‘विना’ या डॉकिंग प्रोग्रॅमची विना-कार्बसारखी आवृत्ती वापरा, कारण ती शर्करेला न परवडणारे कोन वगळते. साधं डॉकिंग असे कोन बिनदिक्कत निवडतं.

मॉडेलिंगने खरोखर औषध घडवल्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण याच क्षेत्रातलं आहे. इन्फ्लुएन्झा विषाणूच्या न्युरामिनिडेझ या एन्झाइमची रचना १९८३ मध्ये उलगडली. हे एन्झाइम सियालिक आम्लाचा बंध तोडतं, आणि तोडताना त्या शर्करेचं कडं सपाट होऊ लागतं. कड्यात दुहेरी बंध असलेलं, म्हणून आधीच सपाटीकडे झुकलेलं एक अनुरूप संयुग त्या अवस्थेची नक्कल करत होतं, पण त्याची पकड मायक्रोमोलरपुरतीच होती. मग ग्रिड नावाच्या प्रोग्रॅमने खळग्यात निरनिराळे गट फिरवून पाहिले, तेव्हा चौथ्या कार्बनसमोर धनभारित गटाला अनुकूल अशी जागा दिसली, कारण तिथे ग्लुटामेटचे ऋणभारित अवशेष होते. तिथल्या हायड्रॉक्सिलच्या जागी ग्वानिडिन गट बसवला आणि पकड नॅनोमोलरच्याही खाली गेली. हे काम १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि १९९९ मध्ये झानामिव्हिर बाजारात आलं. यात दोन गोष्टी लक्षात घ्या. संगणकाला प्रश्न अगदी अरुंद विचारला होता: या एका खळग्यात, या एका जागी, कोणता गट? आणि आधाराला चांगली स्फटिकरचना होती. तरीही शर्करेचा ध्रुवीय स्वभाव सुटला नाही. झानामिव्हिर तोंडावाटे जवळजवळ शोषलं जात नाही, म्हणून ते श्वासावाटे घ्यावं लागतं. त्याच एन्झाइमवरच्या ओसेल्टामिव्हिरने कड्यातला ऑक्सिजनच काढून टाकला, आम्लाचा एस्टर केला, आणि मग गोळी शक्य झाली.

तुमच्या कामात असा एकच खळगा नाही, त्यामुळे सिम्युलेशनकडे वळावंच लागेल. तिथे काही खाचा ठरलेल्या आहेत. शर्करांसाठी ग्लायकॅम-०६ किंवा चार्म-३६ यांपैकी एक फोर्स फील्ड (अणूंमधल्या बलांची ठरलेली सूत्रं आणि आकडे) घ्या आणि मधेच बदलू नका. ग्लायकॅम प्रथिनांच्या अँबर फोर्स फील्डबरोबर वापरणार असाल तर तीन बंधांपलीकडच्या अणूंमधल्या परस्परक्रियेचं प्रमाणीकरण तपासा. अँबर प्रथिनांसाठी ती १.२ आणि २.० ने भागतं, ग्लायकॅम भागतच नाही. शर्करेलाही प्रथिनाचा नियम लागला तर सहाव्या कार्बनवरचा गट कोणत्या दिशेला वळतो याचं प्रमाणच बिघडतं. अशा वेळी सिम्युलेशन बंद पडत नाही, कुठलाही इशारा येत नाही, फक्त उत्तर चुकतं. म्हणून ही गोष्ट मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात स्वतः फाइल उघडून दाखवते.

दुसरी खाच पाण्याची. नेहमीच्या फोर्स फील्डमध्ये आणि नेहमीच्या पाण्याच्या मॉडेलमध्ये शर्करा एकमेकींना वाजवीपेक्षा जास्त चिकटतात. द्रावणाचा परासरण दाब मोजून आणि सिम्युलेशनमधला दाब त्याच्याशी ताडून हे वारंवार दिसलं आहे. त्यामुळे शंभर नॅनोसेकंदांत दोन साखळ्या एकमेकींना बिलगल्या, म्हणजे जेल तयार झालं, असं लिहू नका. तिसरी खाच वेळेची. जोडबंध नॅनोसेकंदांत फिरतात, पण कड्याचा आकार बदलायला मायक्रोसेकंदही लागू शकतात, आणि गुंतलेल्या साखळ्या सुटायला त्याहून कितीतरी जास्त. कड्यासाठी मेटाडायनॅमिक्ससारखी, सिम्युलेशनला एकाच आकारात अडकू न देणारी पद्धत वापरता येते. अख्ख्या जेलसाठी अणुपातळी सोडून द्या. ते काम खरखरीत कणांच्या (अनेक अणूंचा मिळून एक कण धरणाऱ्या) मॉडेलचं आहे, आणि अनेकदा वर केलेल्या कागदावरच्या गणिताचंच.

मॉडेल खरं आहे का, हे एनएमआरशी (अणुकेंद्रांच्या चुंबकीय संकेतांवरून रचना सांगणाऱ्या प्रयोगाशी) ताडून कळतं. हायड्रोजनमधले जोड-स्थिरांक कड्याचा आकार सांगतात, आणि कुठले हायड्रोजन एकमेकांजवळ आहेत ते एनओई हे त्याच प्रयोगातलं मापन सांगतं. सिम्युलेशनमधून हेच आकडे काढून शेजारी ठेवा. जुळले नाहीत तर पुढे जाऊ नका.

पदार्थाच्या बाजूला तितकीच काटेकोर नजर लागते, आणि संगणकावर काम करणारे इथेच ढिले पडतात. ‘कायटोसान’ म्हणजे एक रेणू नव्हे. ते ज्यापासून करतात त्या कायटिनमधले किती टक्के अॅसिटाइल गट काढले, उरलेले साखळीत विखुरले आहेत की सलग गटांनी आहेत, साखळीचा रेणुभार किती, यावर सगळं ठरतं. शरीरातलं लायसोझाइम हे एन्झाइम अॅसिटाइल गट असलेल्या पट्ट्यांना धरून साखळी तोडतं, त्यामुळे ९५ टक्के गट काढलेलं कायटोसान ७५ टक्केवाल्यापेक्षा खूप सावकाश विरघळत जातं. मॉडेलमध्ये एकच नीटनेटकी साखळी घेण्यापेक्षा, तुमच्या बाटलीतल्या टक्केवारीनुसार अॅसिटाइल गट यादृच्छिकपणे वाटून पाच-सात वेगळ्या साखळ्या घ्या. नंतर वाफेने निर्जंतुक केलं किंवा गॅमा किरण दिले, तर साखळ्या तुटून रेणुभार उतरतो, म्हणून रेणुभार निर्जंतुकीकरणानंतरच मोजा. एंडोटॉक्सिनचं (जिवाणूंपासून येणाऱ्या, दाह घडवणाऱ्या अशुद्धीचं) प्रमाणही तपासा. नाहीतर पेशींवर दिसलेला दाह पदार्थाचा की अशुद्धीचा, हे कधीच कळणार नाही.

अल्जिनेटचा (समुद्री शेवाळातल्या शर्करा-साखळीचा) विचार करत असाल तर तिथेही हेच. त्यातले गुल्युरोनिक आम्लाचे सलग पट्टे कॅल्शियमला धरून घट्ट जेल करतात, मॅन्युरोनिक आम्लाचे पट्टे करत नाहीत. आपल्या शरीरात अल्जिनेट तोडणारं एन्झाइम नाही. कॅल्शियम निघून गेलं की जेल सैल पडतं, पण साखळ्या तशाच राहतात. त्या तुटाव्यात म्हणून परआयोडेटने थोडं ऑक्सिडीकरण करतात.

हायल्युरोनिक आम्लाबद्दल एक मुद्दा तुमच्या आराखड्यात सुटला आहे. ते नुसतं भरताड नव्हे. अनेक कर्कपेशींवर सीडी-४४ हा रिसेप्टर मुबलक असतो आणि तो याच साखळीला ओळखतो. (निरोगी पेशींवर, विशेषतः रक्तातल्या पेशींवरही तो असतो, त्यामुळे ‘फक्त गाठीवर जाणार’ असा दावा करू नका.) एकेक पकड कमजोर असते. लांब साखळी एकाच वेळी अनेक रिसेप्टरांना धरते, आणि त्या बेरजेतून खरी पकड येते. शर्करांच्या बहुतेक ओळखी अशाच असतात. यकृतातल्या पेशींकडे औषध नेण्यासाठी एन-अॅसिटाइलगॅलॅक्टोसमाइनचे तीन एकक योग्य अंतरावर बांधतात, कारण एकाची पकड पुरत नाही. गिव्होसिरान हे औषध २०१९ मध्ये याच रचनेवर मान्य झालं. आता तुम्ही साखळ्या जोडण्यासाठी कार्बोक्सिल गट वापरणार असाल, तर सीडी-४४ ला लागणारा आणि ही साखळी तोडणाऱ्या हायल्युरोनिडेझ एन्झाइमलाही लागणारा गटच झाकताय. थोडे झाकले तर चालतं. जास्त झाकले तर ओळखही जाते आणि विघटनही थांबतं. आणि डॉक्सोरुबिसिनला धरणारा ऋणभारही तोच. किती टक्के गट मोकळे ठेवायचे, हा मॉडेलिंगला विचारण्याजोगा अस्सल प्रश्न आहे. सीडी-४४ ची हायल्युरोनिक आम्लाच्या तुकड्यासह स्फटिकरचना उपलब्ध आहे, आणि कोणते गट खळग्यात जातात व कोणते बाहेर राहतात हे त्यावर स्पष्ट दिसतं. संरचना-संग्रहातून घेतलेली कुठलीही शर्करा मात्र आधी प्रायव्हेटीअरसारख्या, शर्करांच्या रचना तपासणाऱ्या प्रोग्रॅममधून तपासून घ्या. जुन्या नोंदींत कड्यांचे आकार आणि अल्फा-बीटाची नावं चुकलेली असतात. कृत्रिम बुद्धिमत्तेने वर्तवलेल्या रचनांनाही हीच तपासणी लावा.

नुसत्या विद्युत ओढीने ३० मायक्रोमोलरची पकड मिठाच्या द्रावणात मिळणं अवघड आहे, हे आधीच सांगून ठेवते. मी तुमच्या जागी असते तर हायल्युरोनिक आम्लाच्या साखळीवर सायक्लोडेक्स्ट्रिन जोडण्याचा विचार केला असता. सात ग्लुकोजांचं बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन किंवा आठांचं गॅमा, दोन्हींच्या आत जलविरोधी पोकळी असते. नेहमीच्या औषधांशी त्यांचे विघटन स्थिरांक ०.१ ते १० मिलिमोलर इतके पडतात, म्हणजे हव्या त्या पट्ट्याच्या थोडे वर. पोकळीच्या कडेला योग्य गट बसवून पकड वाढवता येते, याचा पुरावा सुगामाडेक्स आहे. भूल देताना वापरलेल्या रोक्युरोनियमचा परिणाम उतरवण्यासाठी गॅमा-सायक्लोडेक्स्ट्रिनच्या पोकळीला आठ बाजूंनी कार्बोक्सिल टोकांचे हात लावले. पोकळी खोल झाली, चारही कडी आत मावली, आणि टोकांच्या ऋणभाराने औषधाचा धनभारित नायट्रोजन पकडला. युरोपात ते २००८ मध्ये आणि अमेरिकेत २०१५ मध्ये मान्य झालं. तुमचं औषधही धनभारित आहे आणि त्याचीही चार कडी एकमेकांना जोडलेली आहेत. इथे खळगा आहे, पाहुणा आहे, प्रश्न अरुंद आहे. सात-आठ पर्यायी हातांची सापेक्ष मुक्त ऊर्जा (कोणाची पकड कोणापेक्षा कितीने घट्ट) काढा, त्यातले दोन बनवा. संगणकाचा इथे खरोखर उपयोग होईल.

पण हे सगळं करण्याआधी एक साधा प्रयोग करा. डायलिसिसच्या पिशवीत पॉलिमर, बाहेर औषध, मीठ शरीराइतकंच. समतोल झाल्यावर दोन्हीकडची संहती मोजली की विघटन स्थिरांक हातात येतो. सुटण्याच्या प्रयोगात फॉस्फेट बफर वापरताना सावध राहा. डॉक्सोरुबिसिन त्यात साका होऊन खाली बसू शकतं, आणि ३७ अंशांना ७.४ पीएचवर काही दिवसांत ते रासायनिकदृष्ट्याही बिघडतं. बाहेरच्या द्रावणात औषध कमी दिसलं की ‘जेलने धरून ठेवलं’ असं वाटतं, आणि अनेक सुंदर आलेख यामुळेच सुंदर दिसतात. शेवटी जेल विरघळवून आत उरलेलं औषध मोजा आणि बेरीज जुळवा. सोबत दोन तुलना हव्यातच: जेल नसलेलं नुसतं द्रावण, आणि तितक्याच जाडीचं, तितक्याच घनतेचं डेक्स्ट्रानचं जेल. डेक्स्ट्रानवर भार नसतो, त्यामुळे त्यातून सुटायला जो वेळ लागतो तो निव्वळ विसरणाचा. तुमच्या जेलचा वेळ त्याच्या किती पट आहे, तेवढीच तुमच्या रचनेची कमाई, आणि मॉडेलने वर्तवायचा आकडाही तोच.